जुन्या जनगणनेतील अपरिचित व्यवसाय आणि कुटुंबाचा इतिहास

१. प्रस्तावना

कुटुंबाचा इतिहास म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम वंशावळ येते. नावे, जन्म-मृत्यूची साले, कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाच्या घरी दिली. परंतु वंशावळीतून पणजोबांचे नाव समजले, तरी ते रोज सकाळी उठून कोणत्या कामाला जात होते, घरात कमावणारे हात किती होते, मुले शाळेत होती की कामावर, हे समजत नाही. या प्रश्नांकडे जाण्याची एक वाट जनगणनेच्या जुन्या कागदांतील 'व्यवसाय' या रकान्यातून जाते.

अडचण अशी की या रकान्यातील शब्द आज अनेकदा कळत नाहीत. काही शब्द संक्षेपाने लिहिलेले असतात. काही व्यवसायच लोप पावलेले असतात. आणि काही शब्द अगदी ओळखीचे वाटतात, पण त्यांचा त्या काळचा अर्थ वेगळा असतो. या तिसऱ्या प्रकाराने नवशिक्या अभ्यासकाची सर्वांत जास्त फसगत होते, कारण तेथे शंकाच येत नाही.

या घटकात आपण मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सच्या एकोणिसाव्या शतकातील जनगणनेचे उदाहरण घेणार आहोत. तेथे व्यक्तीचे नाव आणि तिचा व्यवसाय असलेली मूळ पाने टिकून आहेत व अभ्यासकांना पाहता येतात. त्यावरून शब्द उलगडण्याची पद्धत समजून घेऊ आणि मग भारतात ही पद्धत कोठे लागू पडते व कोठे नाही, हे पाहू.

२. नोंद कशी तयार होत असे?

कोणत्याही ऐतिहासिक साधनाचा अर्थ लावण्यापूर्वी ते साधन कसे तयार झाले हे जाणून घ्यावे लागते. इंग्लंडमध्ये १८०१ पासून दर दहा वर्षांनी जनगणना होऊ लागली. पहिल्या चार जनगणनांत भर संख्येवर होता. १८४१ पासून मात्र घरोघरच्या व्यक्तींची नावे पद्धतशीरपणे नोंदली गेली. १८३७ मध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली होती. तिच्यासाठी उभारलेल्या यंत्रणेकडेच जनगणनेचे काम सोपवण्यात आले.

कामाची रीत अशी होती. ठरलेल्या रात्रीच्या आधी प्रगणक घरोघर पत्रक देऊन जाई. कुटुंबप्रमुखाने ते भरायचे आणि नंतर प्रगणकाने ते गोळा करायचे. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे पत्रक प्रगणकच त्यांना विचारून भरून देई. त्यानंतर तो ही सर्व माहिती एका वहीत उतरवून काढी. १८४१ ते १९०१ या काळासाठी आज आपण वाचतो ती बहुतेक ही वही असते, मूळ पत्रक नव्हे. १९११ च्या बाबतीत मात्र घरच्या माणसाने स्वतःच्या अक्षरात भरलेली पत्रकेच टिकून आहेत.

म्हणजे वहीतला शब्द आपल्यापर्यंत येण्याआधी निदान तीन माणसांकडून आलेला असतो. एकाने तो सांगितला, दुसऱ्याने उतरवला, आणि लंडनमधील कचेरीत तिसऱ्याने मोजणी करताना त्यावर खुणेच्या रेघा मारल्या. व्यवसायाच्या रकान्यात या रेघा विशेष दाट असतात. पुष्कळदा शब्द वाचता येत नाही तो या रेघांमुळे.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती. त्यामुळे '३५' याचा अर्थ ३५ ते ३९ यांपैकी काहीही होऊ शकतो. दुसरी, कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते आणि जन्माचे गाव १८५१ पासून लिहिले जाऊ लागले. तिसरी, ही पाने शंभर वर्षांनी खुली होतात. १९२१ ची पाने २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची पाने १९४२ च्या आगीत नष्ट झाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही.

३. शब्द अवघड का होतात?

(अ) संक्षेप. प्रगणकाला शेकडो नावे उतरवायची असत, म्हणून काही संक्षेप सरकारनेच ठरवून दिले होते. 'अ‍ॅग. लॅब.' म्हणजे शेतमजूर. 'एफ. एस.' म्हणजे घरकाम करणारी मोलकरीण, तर 'एम. एस.' म्हणजे पुरुष नोकर. 'इंड.' म्हणजे स्वतःच्या उत्पन्नावर राहणारी व्यक्ती. या शब्दाचा इंडियाशी काही संबंध नाही! 'जे.' म्हणजे उमेदवारी संपवून रोजंदारीवर काम करणारा कारागीर आणि 'अ‍ॅप.' म्हणजे उमेदवार.

(आ) लोप पावलेले व्यवसाय. 'पडलर' हा लोखंडाच्या भट्टीतील वितळलेला रस लांब सळईने ढवळणारा कामगार. पोलाद स्वस्त झाले आणि हे काम संपले. 'फुलर' विणलेले लोकरीचे कापड धुऊन, तुडवून घट्ट करी. याच कामाला काही भागांत 'वॉकर' म्हणत, कारण पूर्वी कापड पायांनी तुडवले जाई. हे दोन्ही शब्द आज आडनावे म्हणून शिल्लक आहेत. 'कॉर्डवेनर' हा नवे जोडे बनवणारा, तर 'कॉबलर' जुने जोडे दुरुस्त करणारा. दोघांनाही सरसकट 'चांभार' म्हटले, तर त्या काळी त्यांच्या प्रतिष्ठेत असलेला फरक हरवतो.

(इ) अर्थ बदललेले शब्द. आठ वर्षांच्या मुलापुढे 'स्कॉलर' लिहिलेले दिसले म्हणून तो विद्वान होता असे समजू नये. त्याचा अर्थ एवढाच की ते मूल शाळेत जाते किंवा घरी शिकते. 'स्कॅव्हेंजर' हा शहरात रस्ता झाडणारा असू शकतो, परंतु कापडगिरणीच्या गावात तो चालू यंत्राखाली शिरून पडलेला कापूस गोळा करणारा लहान मुलगा असू शकतो. शब्द एकच, पण आयुष्ये वेगळी.

(ई) स्थानिक शब्द. कॉर्नवॉलमध्ये 'बाल मेडन' असा शब्द आढळतो. तेथील भाषेत 'बाल' म्हणजे खाण. खाणीच्या तोंडाशी बसून हातोड्याने धातुक फोडणाऱ्या मुली आणि स्त्रिया म्हणजे बाल मेडन. इतर ठिकाणचा वाचक येथे सहज चुकू शकतो.

स्थळानुसार अर्थ कसा बदलतो याचे उत्तम उदाहरण आपल्याजवळच आहे. लंडनच्या शेअरबाजारात 'जॉबर' म्हणजे स्वतःच्या हिशेबावर रोख्यांची खरेदी-विक्री करणारा व्यापारी. मुंबईच्या गिरणगावात मात्र 'जॉबर' म्हणजे खात्यावर देखरेख करणारा आणि कामगारांची भरती करणारा मुकादम. गावाकडून आलेल्या माणसाला गिरणीत काम मिळणे पुष्कळदा त्याच्या मर्जीवर असे. 'डॉफर' हा शब्दही असाच लँकेशरच्या आणि मुंबईच्या गिरण्यांना समान आहे. भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवणारा तो डॉफर. म्हणून कोणताही शब्द कोशात पाहण्याआधी तो कोणत्या गावात लिहिला गेला, हे पाहावे.

४. एक नोंद उलगडून पाहू

आता एक नमुना घेऊ. हे कुटुंब अभ्यासासाठी कल्पिलेले आहे, परंतु त्यातील शब्द आणि परिस्थिती त्या काळच्या नोंदींत वारंवार आढळणारी आहे.

साल १८५१, लेस्टरशर परगण्यातील एक खेडे. कुटुंबप्रमुखापुढे व्यवसाय लिहिला आहे: 'एफ. डब्ल्यू. के.' पत्नीपुढे 'सीमर'. अकरा वर्षांच्या मुलापुढे 'वाइंडर'. पाच वर्षांच्या मुलीपुढे काहीच नाही.

पहिली पायरी: एकट्या शब्दाशी झगडू नका, संपूर्ण पान वाचा. शेजारच्या दहा घरांत हीच तीन अक्षरे दिसतात. एखाद्या ठिकाणी प्रगणकाने पूर्ण शब्द लिहिला आहे: 'फ्रेमवर्क निटर'. कोडे सुटले. हा चौकटीच्या यंत्रावर मोजे विणणारा कारागीर.

दुसरी पायरी: घरातील इतरांचे शब्द जोडून पाहा. 'सीमर' म्हणजे विणून आलेल्या तुकड्यांची शिवण घालणारी. 'वाइंडर' म्हणजे सूत बॉबिनीवर गुंडाळणारा. वेगवेगळे वाटणारे हे तीन व्यवसाय एकाच कामाचे तीन भाग आहेत. घर हाच कारखाना आहे. आणि पाच वर्षांच्या मुलीपुढची जागा कोरी असली, तरी तिच्या हाताला काही काम नव्हते असे त्यावरून सिद्ध होत नाही.

तिसरी पायरी: परिसराचा इतिहास पाहा. मोजे विणण्याचे हे यंत्र विल्यम ली याने १५८९ मध्ये तयार केले. पुढे लेस्टरशर, नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशर या परगण्यांत हा धंदा पसरला. १८११ मध्ये याच भागात यंत्रे फोडण्याचे लडाइट आंदोलन सुरू झाले. विणकर यंत्र बहुधा भाड्याने घेई आणि काम नसले तरी भाडे भरावे लागे. या कारागिरांच्या हलाखीची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८४५ मध्ये आला. मजुरीतून यंत्राचे भाडे कापण्याची पद्धत कायद्याने बंद झाली ती १८७४ मध्ये. म्हणजे १८५१ च्या आपल्या नोंदीतील माणूस या दोन सालांच्या मध्ये उभा आहे. त्याच्यावरचा अन्याय सरकारदरबारी नोंदवला गेला होता, पण दूर झालेला नव्हता.

चौथी पायरी: पुढच्या दशकांतील पाने पाहा. समजा, १८८१ मध्ये तोच 'वाइंडर' मुलगा आता एक्केचाळीस वर्षांचा असून लेस्टर शहरात राहतो आणि त्याच्यापुढे 'शू रिव्हेटर' असे आहे, म्हणजे जोड्याचा तळवा खिळ्यांनी बसवणारा. एका शब्दाच्या बदलात घरातून कारखान्याकडे, खेड्यातून शहराकडे आणि मोज्यांकडून जोड्यांकडे झालेले स्थित्यंतर दिसते. लेस्टरमध्ये त्या काळात पादत्राणांचा धंदा खरोखरच वेगाने वाढला होता.

पाचवी पायरी: दुसऱ्या साधनाशी ताडून पाहा. इंग्लंडमधील विवाहाच्या दाखल्यावर वर आणि वधू यांच्या वडिलांचा व्यवसाय लिहिलेला असतो. व्यापारी निर्देशिका, चर्चची नोंदवही, उमेदवारीचे करार हीही साधने आहेत. १९२१ च्या जनगणनेच्या आधारे तयार केलेला व्यवसायनामांचा कोश १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कारखान्यांतील हजारो कामांचे अर्थ दिले आहेत. परंतु १८५१ च्या शब्दाला १९२७ चा अर्थ लावताना मधल्या पाऊणशे वर्षांचे भान ठेवावे.

५. रकान्यात न दिसणारे काम

आतापर्यंत आपण लिहिलेल्या शब्दांचा विचार केला. न लिहिलेल्या कामाचाही विचार करणे आवश्यक आहे. १८४१ च्या सूचनांनुसार नवऱ्याला किंवा वडिलांना कामात मदत करणाऱ्या, पण वेगळी मजुरी न मिळणाऱ्या पत्नीचा व मुलामुलींचा व्यवसाय लिहिण्याची गरज नव्हती. १८८१ मध्ये तर घर सांभाळणाऱ्या स्त्रियांचे वर्गीकरण 'व्यवसाय नसलेल्या' गटात करण्यात आले. १८७१ आणि १८८१ चे तक्ते शेजारी ठेवले, तर लक्षावधी स्त्रियांनी दहा वर्षांत काम सोडले असा भास होतो. प्रत्यक्षात बदलली ती मोजण्याची व्याख्या.

म्हणून स्त्रीच्या नावापुढे कोरी जागा दिसली, तर 'ती काही करत नव्हती' असे लिहू नये. 'तिचे काम नोंदवले गेले नाही' असे लिहावे. या दोन वाक्यांतील फरक हा इतिहासलेखनातील प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

ब्रिटनच्या नोंदींत भारतीय माणसेही भेटतात. साहेबांच्या मुलांना सांभाळत बोटीने विलायतेला गेलेल्या 'आया' आणि जहाजांवरील 'लॅस्कर', म्हणजे आपल्या भाषेत खलाशी. मुंबई बंदरातून जहाजावर चढणाऱ्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ होते. प्रवाशांच्या याद्यांत मात्र मालकिणीच्या नावापुढे नुसते 'आणि आया' एवढेच लिहिलेले अनेकदा सापडते. तेथे व्यवसायाच्या शब्दाने माणसाच्या नावाचीच जागा घेतलेली असते.

६. भारतात काय सापडते?

आता साहजिकच तुम्ही विचाराल: आमच्या पणजोबांचे पान कोठे मिळेल? याचे उत्तर स्पष्टपणे दिले पाहिजे. भारतात सर्वत्र एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ ची. परंतु येथे गोषवारे छापून झाल्यावर व्यक्तींच्या नावाची मूळ पत्रके सर्वसाधारणपणे जपून ठेवली गेली नाहीत. १९०१ पासून प्रत्येक व्यक्तीची माहिती एका चिठ्ठीवर उतरवून त्या चिठ्ठ्यांची वर्गवारी करत. चिठ्ठीच्या रंगावरून धर्म ओळखता येई. मोजणी संपली की चिठ्ठ्यांचे काम संपले. स्वतंत्र भारतातही १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत नोंदी पाहण्याचा हक्क कोणाला नाही. म्हणून भारतीय जनगणनेत आपल्याला माणूस सापडत नाही. तो ज्या जगात राहत होता त्याचा तक्ता सापडतो.

हा तक्ता वाचतानाही सावध राहावे लागते. १८८१ चे वर्गीकरण इंग्लंडमध्ये विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने घडवलेल्या साच्यावर आधारलेले होते. १९०१ मध्ये व्यवसायांचे ५२० गट होते. १९११ मध्ये फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जॅक बर्टिलॉन यांची पद्धत स्वीकारली गेली आणि गट १६९ वर आले. दहा वर्षांत साडेतीनशे व्यवसाय नष्ट झाले असे कोणी यावरून म्हटले, तर ते चुकीचे ठरेल.

दुसरा धोका जातीच्या नावाचा. सुतार, लोहार, कुंभार, तेली, न्हावी हे शब्द जातीचेही आहेत आणि कामाचेही. प्रगणकाने व्यवसाय म्हणून 'तेली' लिहिले, तर तो माणूस खरोखर घाणा चालवत होता की शेती करत होता, हे एकट्या शब्दावरून ठरवता येत नाही. म्हणूनच १९०१ मध्ये मुख्य व्यवसाय, जोडव्यवसाय आणि अवलंबून असणाऱ्यांचे निर्वाहाचे साधन असे तीन वेगळे रकाने ठेवण्यात आले. बलुतेदार एकाच वेळी बलुत्यावर गावाचे काम करी आणि शेतही कसे. त्याचे आयुष्य एका रकान्यात मावणारे नव्हते.

आडनावाबाबतही हेच. पोतदार म्हणजे नाणी पारखणारा, पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार पाहणारा, झारेकरी म्हणजे सोनाराच्या राखेतून सोन्याचे कण वेचणारा. आडनाव हे घराण्यात कधी काळी कोणी केलेल्या कामाची आठवण असते. १९०१ साली पणजोबा काय करत होते याचा तो पुरावा नव्हे.

प्रांत बदलला की शब्द बदलतो, हेही ध्यानात ठेवावे. गावाचे हिशेब ठेवणारा महाराष्ट्रात कुलकर्णी, कन्नड मुलखात शानभोग, तेलुगू भागात करणम आणि उत्तरेत पटवारी. इंग्रजी तक्त्यात हे सारे एका गटात जातात आणि मूळ शब्द दिसेनासे होतात.

मग नावाचा शोध कोठे घ्यावा? त्र्यंबकेश्वर, नाशिक, हरिद्वार, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या आणि गावे नोंदलेली असतात. गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे जनरल रजिस्टर यांचा उपयोग होतो. महाराष्ट्रात जुने कागद बहुधा मोडीत असतात, म्हणून मोडी शिकण्याला पर्याय नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर हा त्याचा सर्वांत मोठा साठा. राजस्थानचे विद्यार्थी सतराव्या शतकातील मुहणोत नैणसीच्या 'मारवाड रा परगना री विगत' या ग्रंथाकडे वळू शकतात. तेथे गावांतील घरांची गणना जाती-व्यवसायांनुसार दिलेली आहे. आणि ज्यांचे पूर्वज करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेले, त्यांच्यासाठी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांची रजिस्टरे आहेत. तेथे माणूस नावानिशी सापडू शकतो.

७. समारोप

जनगणनेतील व्यवसायाचा शब्द हे एका प्रश्नाचे उत्तर असते. तो प्रश्न कोणी विचारला, कशासाठी विचारला, उत्तर कोणी लिहून घेतले आणि पुढे ते कोणत्या गटात टाकले, हे समजल्याशिवाय शब्दाचा अर्थ पूर्ण होत नाही. घाईने लावलेला अर्थ आपल्याच पूर्वजाला त्याने कधी न केलेले काम चिकटवतो, किंवा जन्मभर राबलेल्या पणजीला 'बिनकामाची' ठरवतो. त्यांना आता आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून ही काळजी आपण घ्यायची.

आणखी एक सांगावेसे वाटते. कागद जपलेले असोत वा नसोत, घरातील वडीलधाऱ्या माणसांच्या बोलण्यात कामाचे कितीतरी जुने शब्द अजून आहेत. आजीला विचारा, तिच्या वडिलांच्या कामाला गावात काय म्हणत. तो शब्द तिने उच्चारला तसाच लिहून ठेवा. शेजारी तारीख, गावाचे नाव आणि सांगणारीचे नाव लिहा. जी नोंद सरकारने जपली नाही, ती निदान एका घराची तरी तुमच्या हातून जपली जाईल.

स्वाध्याय

१. '१८८१ नंतर इंग्लंडमधील स्त्रियांचे काम एकाएकी कमी झाले' या विधानाचे परीक्षण करा.
२. 'जॉबर' या शब्दाच्या आधारे स्थळ आणि अर्थ यांचा संबंध स्पष्ट करा.
३. जातिवाचक शब्द आणि व्यवसायवाचक शब्द यांत गल्लत झाल्यास कोणत्या चुका संभवतात? आपल्या भागातील दोन उदाहरणे द्या.
४. आपल्या कुटुंबातील तीन पिढ्यांच्या कामांची नोंद तयार करा. प्रत्येक शब्दापुढे तो कोठून मिळाला हे लिहा, आणि ज्यांच्यापुढे जागा कोरी राहते त्यांच्याविषयी एक परिच्छेद लिहा.